तिसऱ्या मिनिटाच्या आधी

कंपनी काढायची म्हणून पोरंपोरी हल्ली माझ्याकडे वही-पेन घेऊन येतात. आधी माल बनवावा की आधी गिऱ्हाईक शोधावं? भागीदार मित्रच असावा का? पहिला नोकर कधी ठेवावा? मी आपली सांगते जमेल तसं. गिऱ्हाईक आधी शोधा, एकच पण पक्कं. मित्राशी भागीदारी असेल तर सगळं कागदावर आणा, म्हणजे मैत्री टिकते. आणि मग मी एक प्रश्न विचारते, त्यावर सगळी गोंधळतात. लोकांना दाखवायचं यंत्र आणि खरं काम करणारं यंत्र, तुमच्याकडे एकच आहे की दोन?

"एकच, दोन्या योलिमा," असं बहुतेक जण मान खाली घालून सांगतात. (दोन्या म्हणजे आमच्याकडं मोठ्या बाईला मानानं मारलेली हाक.) मग मी त्यांना मानिसालेस शहरातली ती बुधवारची सकाळ सांगते.

तेव्हा आमची कंपनी म्हणजे मी आणि वेइमार, बस्स. तो तारा जोडायचा, मी प्रोग्राम लिहायचे आणि विकायला फिरायचे. ऑफिस त्याच्या मावशीच्या कपड्यांच्या दुकानामागं, इस्त्रीच्या वाफेत. माल एकच होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पुलाखाली बसवायचं खोकं. पाणी ठरलेल्या रेघेवर चढलं की खालच्या गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर गजर. आमच्याकडे डोंगरमाथ्यावर धो धो पडत असतं आणि खाली माणसं उन्हात कॉफी वाळवत असतात. लोंढा येतो तो कोरड्या आभाळाखालून येतो. पुलापासून खाली यायला त्याला पंचवीस मिनिटं लागतात.

गिऱ्हाईकही एकच. नारान्हाल गावचं गुऱ्हाळ. बावीस घरांनी मिळून चालवलेलं, अगदी ओढ्याच्या काठावर, आणि त्याची कारभारीण दोन्या रुबिएला. पूर्वी पाऊस लागला की म्हातारा अनिबाल पुलावर शिट्टी घेऊन बसायचा. आमचं खोकं बसल्यावर अनिबाल घरी बसला. दोन्या रुबिएलानंच त्याला सांगितलं, "आता खोकं जागं राहील, तुम्ही गुडघे शेका."

आता आमचा प्रोफे एवेलिओ. जन्मात कुणाला शिकवलं नसेल, पण सगळे त्याला प्रोफेच, म्हणजे मास्तरच, म्हणत. चाळीस वर्षं कॉफी सोलायची यंत्रं विकलेला माणूस. आता नव्या कंपन्यांना फुकट सल्ला देतो. सल्ला चांगला असतो, हे मी आजही म्हणेन.

"पोरी, सांगू नकोस, दाखव," तो म्हणाला होता. "पैसेवाल्या माणसाला नकाशे दाखवून काही होत नाही. त्याच्या स्वतःच्या खिशात काहीतरी हललं पाहिजे. भांडवलाच्या स्पर्धेत उभी राहिलीस की तिसऱ्या मिनिटाला परीक्षकांचे फोन वाजव. बघ कसे ताठ बसतात ते."

म्हणून आम्ही दारातच परीक्षकांचे नंबर घ्यायचो. प्रोग्राममध्ये मी एक कळ ठेवली होती, एका बाजूला 'खरं', दुसऱ्या बाजूला 'दाखवायचं'. 'दाखवायचं' केलं की गावातले नंबर बंद, फक्त सभागृहातले चालू. उगाच गावात घबराट नको, एवढाच हेतू. वेइमार मागच्या रांगेत बसायचा आणि तिसऱ्या मिनिटाला बटण दाबून खोटा पूर आणायचा.

त्या बुधवारी अकरा परीक्षक होते. आमच्यासारख्याच पंधरा कंपन्यांची पोरं मागं बसलेली, पन्नासेक माणसं असतील. हा शेवटचा फेरा होता. हा गेला असता तर वेइमार बोगोताला नोकरी धरणार होता, तसं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. मी व्यासपीठावर चढले, गुऱ्हाळाबद्दल बोलायला लागले, चरक, काहिली, ओढा. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट चाळीस सेकंद दाखवत होतं.

आणि फोन वाजले. अकराच्या अकरा.

पहिल्यांदा मला आला तो राग. या माणसाला घड्याळ कळत नाही, असं मनात म्हटलं. परीक्षक दचकले, मग हसले, मग टाळ्या. परीक्षकांतल्या बँकेच्या बाईंनी फोन वर धरून शेजाऱ्याला दाखवला. मीही हसले, हसावंच लागतं. हसता हसता वेइमारकडं डोळे वटारले.

वेइमारच्या दोन्ही हातांत कॉफीचा पेला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं मान हलवली. नाही. मी नाही.

"तू दाबलं नाहीस?" मी माइकवरच विचारलं.

"नाही गं! मी हातसुद्धा लावला नाही!" तो उभा राहून ओरडला. कॉफी पुढच्या माणसाच्या कोटावर.

लोक अजून हसत होते. त्यांना वाटलं हेही ठरवलेलंच. मला मात्र कळून चुकलं. पाणी खरंच रेघेवर चढलं होतं आणि त्याचा गजर या थंडगार सभागृहात अकरा सुटाबुटातल्या माणसांना गेला होता. नारान्हालमध्ये एकही फोन वाजला नव्हता. आणि आज बुधवार, म्हणजे गाळप. सगळं गाव काठावर.

मी व्यासपीठावरून अक्षरशः उडी मारली. वेइमारनं कळ फिरवली होती.

"'खरं' केलंय. आता जाईल ना गजर?"

"नाही जाणार," मी म्हटलं. "पाणी रेघ ओलांडतं तेव्हा एकदाच जातो. ओलांडून झालं."

"मग बटण दाबतो."

"'खरं' असताना बटण चालत नाही. मीच कुलूप घातलंय त्याला."

"कशाला घातलंस, बाई?"

"चुकून कुणी दाबू नये म्हणून! आता ते बदलायला बस, बोलू नको!"

तो बदलायला बसला. दहा मिनिटं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी दोन्या रुबिएलाला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी घेत नाही. पुन्हा लावला. अनिबालला लावला, बंद. शाळेच्या बाईंना लावला. त्या शहरात आल्या होत्या, त्या तिथंच रडायला लागल्या.

मी पडद्यावर गावाची यादी टाकली. एक्केचाळीस नंबर. "ऐका हो, हा खेळ नाही," मी ओरडले. "खालच्या गावात पूर येतोय आणि त्यांना कळलेलं नाही. एकेक नंबर घ्या. लावा. हात जोडते, लावा."

मग बँकेच्या बाईंनी चष्मा चढवला आणि पहिला नंबर घेतला. मग सगळेच. ज्या परीक्षकानं मघाशी मी बोलत असताना जांभई दिली होती तो खुर्चीवर चढून यादी वाचायला लागला. एकाला माणूस लागला!

"हॅलो, मी मानिसालेसहून बोलतोय, तुमच्याकडं पूर... अहो नाही, विमा नाही विकत मी! अहो, ऐका तरी... माझी आई काढू नका हो!" तो माझ्याकडं वळला, घामाघूम. "तो म्हणतो त्याला काही घ्यायचं नाही. तापानं वर घरी निजलाय. ठेवला त्यानं."

"पुन्हा लावा त्याला!"

"बंद केला त्यानं फोन."

सहा मिनिटं गेली होती. गुऱ्हाळात कुणीच का उचलत नाही? आणि मग मला त्यांचा तो डबा दिसला डोळ्यांपुढं. रसानं हात चिकट होतात, म्हणून गाळपाच्या दिवशी सगळे आपापले फोन दाराशी पत्र्याच्या डब्यात टाकतात. एखादा वाजला तर इंजिनाच्या धडधडीत कुणाला ऐकू जात नाही, गेलं तरी कुणी ढुंकून बघत नाही. वाजेल वाजेल आणि थांबेल. गजराची गोष्ट वेगळी. गजर म्हणजे डब्यातले सगळे फोन एकदम. ते इंजिनाच्या वर जातं, पत्रा थरथरतो. यंत्र बसवताना आम्ही तेच तर तपासलं होतं.

"थांबा!" मी किंचाळले. "सगळे बंद करा. एकेकटं वाजवून उपयोग नाही. प्रत्येकानं आपला नंबर धरून ठेवा. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम लावा. आणि वाजणं थांबलं की लगेच पुन्हा, थांबायचं नाही."

चाळीसेक माणसं अंगठा रोखून उभी राहिली. मी मोजलं.

प्रत्येकाच्या कानात दूर कुठंतरी घंटी वाजत होती. पहिला फेरा संपला. दुसरा. मी देवमातेला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, सगळं फेडलेलंही नाही. तिसऱ्या फेऱ्यात बँकेच्या बाई ओरडल्या, "घेतला! घेतला!" आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"कोण मेलंय एवढं?" दोन्या रुबिएलाचा आवाज. मागं चरक करकरत होता. "डबा नाचायला लागलाय इथं."

"मी योलिमा. पाणी येतंय. सगळे वर पळा. आत्ता."

"पाणी? इथं ऊन पडलंय, पोरी. आणि खोकं तर..."

"खोक्यानं मला सांगितलं, तुम्हाला नाही! माझं चुकलं, नंतर शिव्या द्या. पळा!"

"काहिली उकळतेय गं. काकवी झालीये, गूळ धरायला आलाय. दहा मिनिटांत उतरवतो आणि..."

"दहा मिनिटं नाहीत! काहिली सोडा, दोन्या रुबिएला! जळू दे गूळ!"

मग तिनं फोन बाजूला करून अशी काही आरोळी ठोकली की माझ्या हातातला फोन हलला. इंजिन बंद पडल्याचं मला ऐकू आलं. मग पावलं, कुणीतरी कुणालातरी हाक मारतंय, आणि फोन कटला.

वेइमारचं काम झालं, त्यानं गजर सोडला, पण तो कुणाला ऐकू गेला कोण जाणे. मी जमिनीवर बसले होते. घड्याळात पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. माझ्या मनात मी एकेकाला मोजत होते, गुळव्या, चुलाणापाशी चिपाडं घालणारे दोघे भाऊ, मोळ्या वाहणारी माणसं. कोण राहिला असेल? कोण चपला घ्यायला मागं फिरला असेल? अडतिसाव्या मिनिटाला फोन आला.

"सगळे वर आहेत," दोन्या रुबिएला म्हणाली. "मोजले दोनदा. गुऱ्हाळ गेलं. चरक, काहिली, सगळं." ती रडत होती. "पोरी, तू वाचवलंस."

सभागृहात लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. जांभईवाले गृहस्थ माझ्याजवळ आले, डोळे पुसत. म्हणाले, वीस गावांत बसवा, पैसे आम्ही देतो, उद्या या, कागद करू. प्रोफे एवेलिओ सकाळपासून सभागृहातच होता, त्यानं मला आणि वेइमारला कोपऱ्यात नेलं.

"कळ उलटी होती हे फक्त आपल्या तिघांना माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "तोंड बंद ठेव. खोटं बोल म्हणत नाही मी, फक्त गप्प बस."

"आज सकाळी फिरवली होती ना? दोन तासांची गोष्ट, झालं," वेइमार म्हणाला.

मला ते पटेना. कारण सकाळी मी कळ फिरवायला गेले तेव्हा ती आधीच 'दाखवायचं'वर होती. मला वाटलं, वेइमारनं फिरवली असेल. आता त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी कशाला हात लावू? ते तुझं काम." मी प्रोग्रामची नोंद उघडून पाहिली. पेरेइरा शहरातल्या आधीच्या स्पर्धेत मी ती फिरवली होती आणि परत आणायला विसरले होते. वेइमारनं तेव्हा बसमध्ये विचारलंही होतं, आणि मी म्हटलं होतं, "हो रे बाबा, केलं." एकोणीस दिवसांपूर्वी.

दुसऱ्या दिवशी मी कागद करायला गेले नाही, नारान्हालला गेले. माणसं वर शाळेत उतरली होती. बायकांनी मला बघून टाळ्या वाजवल्या. कुणी गुळाचं गरम पाणी हातात दिलं, कुणी आरेपा, मक्याची जाड भाकरी. दोन्या रुबिएलानं मला बाकावर बसवलं आणि माझ्या मांडीवर एक बाळ ठेवलं, दीड महिन्याचं, लेकीचं, येसेनियाचं.

"हे बघ, हे तुझं," ती म्हणाली. "याच्यासाठी सोडली मी काहिली. माळ्यावर निजलं होतं ना, चुलाणाच्या वर."

"गुऱ्हाळात?"

"मग? छाती भरली होती याची. घरात गारठा, तिथं चुलाणात रोज विस्तव धुमसत ठेवतो, कशी ऊब असते. येसेनियाला घेऊन महिनाभर तिथंच निजवते मी. आधी कधी धाडस केलं नसतं, काठावर लेकरू? पण म्हटलं, आता काय भीती."

बाळ माझं बोट धरून होतं. मला प्रोफेचं बोलणं आठवलं, आणि मी खरंच गप्प बसणार होते, खोटं कशाला सांगू. पण माझं तोंड आपोआप उघडलं. कळ, पेरेइरा, बस, सगळं सांगितलं.

"एकोणीस दिवस," मी म्हटलं. "एकोणीस दिवस ते खोकं तुमच्यासाठी बंद होतं."

ओठ हलवत तिनं दिवस मागं मोजले.

"त्यात मागल्या आठवड्यातला मंगळवार आला," ती म्हणाली. "रात्रभर वर गडगडत होतं. येसेनिया म्हणाली, आई, घरी जाऊ या. मीच म्हटलं, निज गं, योलिमाचं खोकं जागं आहे."

मग ती वाकली, माझ्या बोटाभोवतीची बाळाची मूठ सोडवली, आणि बाळ उचलून घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.