फोडण्यासाठी काढलेला ग्रह

उमिंगनं तोंडातली सुपारी कागदी कपात थुंकली, कप पायानंच टेबलाखाली सरकवला आणि टॅबचं पेन उचलून विचारलं, "हं, बोला. कुठला ग्रह फोडायचा?"

समोर दोन परीक्षक बसले होते. शिए बाईंच्या हातात छापील तक्ता होता, कुओ साहेबांचा चष्मा कपाळावर चढवलेला होता. त्यांच्यामागे, हुआलिएनच्या सांस्कृतिक भवनाच्या पांढऱ्या भिंतीवर, उमिंगचंच चित्र टांगलेलं. काळ्या पोकळीत मधोमध उकललेला एक ग्रह, आतला तांबडा गाभा उघडा पडलेला, आणि हजारभर कपचे चहूकडे निघालेले. खाली पाटी होती, 'अवकाशचित्रं, प्रथम क्रमांक'. पाटीच्या कोपऱ्यावर पिवळी चिठ्ठी डकवली होती, 'चौकशी चालू'.

"काका, राग मानू नका," शिए बाई म्हणाल्या. "तक्रार आली आहे. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला हे जमणार नाही, मशीनला चार शब्द सांगून काढून घेतलंय, असं लोकांचं म्हणणं आहे. बाकीच्यांनी पुरावा म्हणून आपापल्या फायली दिल्या. प्रत्येकीत एकावर एक रंगवलेले चाळीस-पन्नास थर आहेत. तुमच्या फाइलमध्ये एकच."

"माझा एकच असतो."

"आणि एकदाही काही पुसल्याची, मागे घेतल्याची खूण नाही."

"ते मागे घ्यायचं बटण मी वापरत नाही. बार उडाल्यावर डोंगर मागे घेता येतो का?"

"त्याला ते बटण सापडलेलंच नाही," शेजारच्या खुर्चीवरून त्याची बायको राबाय म्हणाली. "दोन वर्षं दाखवतेय मी. माकड शिकलं असतं."

"माकडानं ग्रह काढला असता का?"

"माकडानं निदान जेवायला हाक मारल्यावर ओ दिली असती."

कुओ साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

हा टॅब चर्चच्या नाताळच्या सोडतीत लागलेला. राबायचा डोळा भाताच्या कुकरवर होता. तो पाद्रीबाबांच्या मेव्हणीला गेला, आणि ही काळी पाटी घरी आली. महिनाभर तिच्यावर भाजी निवडून झाली. मग एका दुपारी उमिंगनं तिच्यावर बोटानं एक तडा ओढला, त्या तड्याला फाटे फुटले, फाट्यांमधून तुकडे सुटले आणि संध्याकाळपर्यंत एका ग्रहाची वाट लागली. तेव्हापासून आजवर त्यानं एकशे चौदा ग्रह फोडले. राबायनं त्यातला एक चर्चच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून कुणाच्या तरी आग्रहानं स्पर्धेत.

फोडणं हा त्याचा धंदाच होता. नदीच्या तोंडाशी असलेल्या दगडखाणीत एकतीस वर्षं सुरुंगवाला. शिळेला कुठे भोक पाडलं की ती कशी उकलेल, आतली शीर कुठून कुठे जाते, हे त्याला हात लावल्यावर कळायचं. गप्पाही त्याच्या तशाच. एकदा म्हणे त्यानं एवढी नेमकी दारू भरली, की शिळेचे दोन भाग झाले आणि वर बसलेली कोंबडी अंड्यावरून उठलीसुद्धा नाही. गावात लोक म्हणायचे, कोंबडी खरी असेल, अंडं खोटं. त्यावर उमिंग म्हणायचा, अंड्याचेही दोन सारखे भाग झाले होते, तुम्हाला झेपणार नाही म्हणून सांगितलं नाही.

पण त्या एकतीस वर्षांतल्या पहिल्या वर्षाची गोष्ट तो कधी सांगत नसे.

"अट साधी आहे," शिए बाई तक्त्यावरून वाचू लागल्या. "नेट बंद. दोन तास. आधी अखंड ग्रह काढायचा, आमच्यासमोर. मग तो फोडायचा. फोडला की पिवळी चिठ्ठी निघेल. नाही फोडला, तर नियमाप्रमाणे चित्र उतरवावं लागेल आणि कारण वर्तमानपत्रात छापावं लागेल."

"अखंड कशाला?" उमिंगनं भुवया चढवल्या. "मी तड्यापासून सुरू करतो. अखंड मी कधी काढलेलाच नाही."

"म्हणूनच. सगळं आमच्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

"इतके फोडले आणि अखंड एकही नाही?" कुओ साहेबांनी नवलानं विचारलं.

"खाणीत डोंगर अखंड करून कोण देतो, साहेब? तो आयताच असतो."

त्यानं पेन टेकवलं.

पहिली वीस मिनिटं नुसता गोळा झाला, आणि गोळाही जरा तिरका. कुओ साहेबांनी शिए बाईंकडे पाहिलं. उमिंगला ते दिसलं. त्यानं मान खाली घातली आणि पृष्ठभागाला हात घातला. आता तुकड्यांना असते तशी कड नव्हती, धार नव्हती, कुठे थांबायचं ते कळेना. नुसतं भरत जायचं होतं. तेव्हा त्यानं एक कडा काढला, कारण कडा त्याला येत होता. कड्याखाली उतार आला. उताराला नदी हवी, म्हणून नदी आली, करडी, दगडांतून वाट काढणारी. नदीच्या वर डाव्या अंगाला डोंगराचा एक खांदा उचलला गेला.

खांदा काढताना त्याचा हात मंदावला, पण थांबला नाही.

खाणीच्या डोंगराच्या त्या खांद्यावर एके काळी बारा घरं होती. वरची वाडी म्हणायचे तिला. मग कागद आले, सह्या झाल्या, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचे अंगठे झाले, आणि माणसं खाली रस्त्याच्या कडेला राहायला आली. डोंगर दगडाच्या कंपनीला गेला. बावीस वर्षांच्या उमिंगला त्याच डोंगरावर नोकरी लागली आणि आख्ख्या गावानं त्याचं अभिनंदन केलं. पहिला बार कुठे भरायचा ते शहरातून आलेल्या मुकादमानं बोटानं दाखवलं, रिकाम्या वाडीतच. उमिंग म्हणाला होता, साहेब, थोडा पलीकडे घेऊ या का? मुकादम म्हणाला, तिथंच. फोड.

आणि त्यानं फोडला. अगदी नेमका. मुकादमानं पाठ थोपटली.

पडद्यावर आता बाजरीच्या चिंचोळ्या ताली उमटत होत्या, एकीवर एक, दगडांच्या बांधांनी सावरलेल्या. मग एक छप्पर, नखाएवढं. मग दुसरं. तो श्वास रोखून काढत होता, पेनचं टोक केसाएवढं बारीक करून. राबायनं आधी लांबूनच पाहिलं. मग खुर्ची ओढून जवळ आली.

"उमिंग," ती आपल्या जमातीच्या त्रुकू भाषेत हळूच म्हणाली, परीक्षकांना कळू नये म्हणून. "ते काय काढतोयस?"

"ग्रह."

"ग्रहावर तुझ्या आईचा पेरू कशाला?"

पेरूच्या झाडाला त्यानं आणखी एक फांदी दिली. राबायनं मांडीवर धरलेली पिशवी खाली ठेवली आणि त्यानंतर पाऊण तास तिनं एकही टोमणा मारला नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती; असं पहिल्यांदाच घडत होतं.

"वीस मिनिटं उरली, काका," शिए बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता. त्याही केव्हाच्या उठून त्याच्या पाठीमागे येऊन उभ्या होत्या. "आता फोडा."

गोळ्याचा तिरकेपणा नाहीसा झाला होता. पडद्यावर एक पुरा, भरलेला, दाणेदार ग्रह तरंगत होता.

उमिंगनं पेन टेबलावर ठेवलं.

"नाही."

"काय नाही?"

"हा फुटायचा नाही."

"काका, असं करू नका. तुम्हीच काढता हे आम्हाला कळलंय. पण तक्त्यात फोडल्याची नोंद लागते. नाहीतर तुम्ही खोटे ठराल. पेपरात नाव येईल."

"येऊ दे. स्पेलिंग नीट घाला."

"एवढे ग्रह फोडलेत. एकानं काय होतंय?"

"बाई," उमिंग म्हणाला, आणि एरवी गप्पा मारताना असायचा तो खट्याळपणा त्याच्या आवाजात नव्हता. "एकतीस वर्षं हेल्मेट घातलेली माणसं बोट दाखवून म्हणाली, फोड. मी फोडत गेलो. एकदा नाही म्हणायला हवं होतं, तेव्हा तोंडात सुपारी होती. आज तोंड रिकामं आहे. चित्र उतरवायचंय? शिडी आणा, मी धरतो."

शिए बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यात अशा उत्तराला रकाना नव्हता.

कुओ साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "हे बघा, मधला मार्ग काढू. पूर्ण नको. कडेला कुठेतरी एक लहानसा तडा. नियमाचं तोंड बंद होईल, तुमचा ग्रहही राहील."

"लहानसा?"

"अगदी केसाएवढा."

उमिंगनं पेन उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "मग तुम्हीच द्या."

कुओ साहेबांनी हसत हसत पेन घेतलं. टॅबवर वाकले. डावीकडे, डोंगराच्या खांद्यापाशी, त्यांना बरी जागा दिसली. पेनचं टोक पडद्यापासून बोटभर अंतरावर आलं.

"साहेब," राबाय म्हणाली, या वेळी परीक्षकांच्या भाषेत, आणि पाहुण्याला वाट दाखवावी तशा स्वरात. "जरा सांभाळून. तिथं माझ्या सासूबाई भात शिजवतायत."

पेन थांबलं. कुओ साहेबांनी ते थोडं उजवीकडे नेलं.

"तिथं आमची बाजरी आहे."

थोडं वर नेलं.

"तिथं पाद्रीबाबांचे आजोबा पुरलेत. त्यांनी चर्च आलं तेव्हा पाद्रीबाबांच्या बापाला काठीनं मारलं होतं, तेव्हा बघा बुवा."

त्यांनी खाली नेलं. ती काही बोलली नाही. कुओ साहेब चष्म्यातून बराच वेळ बघत राहिले. तिथं बांधाच्या दोन दगडांमधून एक पांढरी रेघ उतरली होती, दिसेल न दिसेल अशी.

भिंतीवरच्या घड्याळानं दोन तास पुरे केले. शिए बाईंनी वर पाहिलं, पण वेळ संपल्याची घंटी वाजवली नाही.

"आणि हे," पेन तसंच हवेत धरून कुओ साहेबांनी विचारलं, "हे पाणी कुठनं येतं?"

उमिंगनं खुर्ची जवळ ओढली.