मधलं दार

“ऐका हं आता,” म्हणत मिस्त्रीनं ड्रायव्हरच्या बाजूचं बटण दाबलं. पुढची दोन्ही दारं एका सुरात ‘खट’ म्हणाली. मधलं सरकतं दार नुसतं घुरघुरलं आणि गप्प झालं. “दोघं हजेरी देतायत, तिसरा झोपेत कूस बदलतोय.”

धाकटी हसली. तिचं वय सत्तावन्न, गुडघे त्याहून थोरले. पण घरात शेवटची जन्मली म्हणून ती धाकटीच, आणि आता तशी हाक मारणारा एकटा दादा उरला होता, तोही फोनवर.

“सोमवारपर्यंत होईल ना?”

“म्हातारीची तब्येत बघून सांगतो.” म्हातारी म्हणजे व्हॅन. एकोणीस वर्षांच्या गाडीला मिस्त्री दुसऱ्या नावानं हाक मारत नसे.

सोमवारपासून धाकटीला काम मिळणार होतं. चार गल्ल्या पलीकडे, आठवण गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं. सहा जणांना सकाळी घरून आणायचं, संध्याकाळी परत पोचवायचं. केंद्राच्या बाईंनी व्हॅनभोवती एक फेरी मारली, सीट दाबून पाहिल्या आणि एकच अट घातली. मधलं दार पुढच्या बटणानं बंद झालं पाहिजे, आणि एकदा बंद झालं की आतून उघडता कामा नये.

“आमची मंडळी चालत्या गाडीतून उतरायला निघतात हो,” बाई म्हणाल्या.

“ठाऊक आहे मला,” धाकटी म्हणाली.

आई जाऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत तिला कुठल्याही वेळेला कुठंही पोचायचं नव्हतं. याला विश्रांती म्हणतात, असं तिला बऱ्याच जणांनी समजावलं होतं. ती चहा दोन कप टाकायची आणि दुसरा दुपारी गरम करून प्यायची.

मिस्त्री आधी दाराच्या कडेला बसला. सरकत्या दारात सरळ वायर जात नाही. दार मिटलं की त्याच्यावरच्या पितळी टिकल्या चौकटीतल्या टिकल्यांना टेकतात, तेवढ्यापुरती वीज मिळते. त्यानं त्या टिकल्या काचकागदानं घासून लखलखीत केल्या आणि बटण दाबलं. पुन्हा घुरघुर.

“वीज पोचते, काम पोचत नाही. आमच्या धाकट्या मेव्हण्यासारखं झालंय. पोट उघडावं लागणार.”

तो गाडीत शिरला आणि दाराच्या आतलं प्लॅस्टिकचं झाकण एकेक क्लिप उचकटून सोडवू लागला. धाकटी बाहेर बसली. बसायला एका मोडीत गेलेल्या गाडीची मागची सीट होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. तिथून धाकटीला गाडीतली आईची जागा सरळ दिसत होती. खिडकीजवळची, मधल्या दाराला लागून.

“मोटरच्या गिअरचे दाते झिजलेत,” मिस्त्री आतून बोलला. “ते वयानं. त्याचं काही नाही, दुसरी मोटर आहे माझ्याकडं. पण हे बघा जरा.”

त्यानं हाताएवढी एक तार बाहेर धरली. तिचं टोक पिंजून केसासारखं झालं होतं.

“आतल्या हँडलची तार. ही वयानं नाही गेलेली. ओढून ओढून तुटलीये. लॉक लागलेलं असताना कुणीतरी आतून हँडल ओढत होतं, आणि एकदा-दोनदा नाही. वर्षानुवर्षं म्हणा ना. मुलांची ने-आण करत होता काय?”

“नाही.”

“मग असं कोण करणार?” मिस्त्रीनं नुसतंच हँडल ओढून सोडलं. टक. पुन्हा ओढलं. टक. टक.

तो पुढं काय बोलला ते धाकटीला ऐकू आलं नाही. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

सहा वर्षांपूर्वी आई चौकात, सिग्नलला, दार सरकवून शांतपणे खाली उतरली होती. मागून हॉर्न, मध्ये आई, आणि तिची एक चप्पल गाडीत. नंतर दादानं येऊन हे लॉक करून घेतलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आई घरात येरझाऱ्या घालू लागली की धाकटी तिला शाल पांघरून व्हॅनमध्ये बसवायची, बटण दाबायची, रेडिओ लावायची आणि तळ्याला वळसा घालून तासाभरानं परत आणायची. चाक फिरलं की आई शांत. आरशात तिचा चेहरा दिसायचा, खिडकीबाहेर बघणारा. आणि गाणं लागलं की मागून आवाज यायचा. टक. टक.

आई तरुणपणी गाणं शिकली होती. धाकटीनं दादाला सांगितलं, आई ठेका धरते. डॉक्टरांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं. सगळं विसरली, ठेका विसरली नाही. म्हणून ती रेडिओ आणखी मोठा करायची. कधी गाणं संपून बातम्या लागल्या तरी ठेका चालूच असायचा. तेव्हा तिला हसू यायचं.

“ताई?” मिस्त्री खाली उतरला होता. “कोण बसायचं हो तिथं?”

“आई.”

त्यानं हातातल्या तारेकडं पाहिलं. बाकीचा भंगार माल तो पायाशी टाकत आला होता. तार मात्र त्यानं पुसून स्टुलावरच्या फडक्यावर ठेवली आणि परत गाडीत शिरला.

तेवढ्यात दादाचा फोन आला. शनिवारी दुपारी तो यायचाच.

“गॅरेजात आहेस? विकून टाक म्हटलं तर ऐकत नाहीस.”

“सोमवारपासून काम आहे रे. लॉक करून घेतेय.”

“बरं बरं. आईची गाडी, राहू दे तुझ्याकडं. काय खूश असायची गं त्यात. मी तर सगळ्यांना सांगतो, शेवटपर्यंत माझी आई गाडीत बसून ठेका धरायची.” तो हसला. “धाकटे, तू होतीस म्हणून. आमच्यानं झालं नसतं.”

स्टुलावर तार होती.

“धरायची ना ठेका?” दादानं विचारलं.

“हो,” धाकटी म्हणाली. “पक्का होता तिचा.”

फोन ठेवल्यावर तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. चष्मा स्वच्छच होता.

नवी मोटर बसली, नवी तार बसली. मिस्त्रीनं झाकण लावायच्या आधी विचारलं, “लॉक लागलं की आतलं हँडल फुकटच फिरणार. तसंच ठेवू? का आतून उघडेल असं करून देऊ? करता येतं.”

आतून उघडलं तर सोमवारचं काम गेलं. आणि चौकात कुणाची तरी चप्पल गाडीत राहणार.

“तसंच ठेवा,” ती म्हणाली.

“मग आत बसून बघा एकदा. मी पुढून लावतो.”

धाकटी आईच्या जागेवर बसली. इतक्या वर्षांत ती कधी तिथं बसली नव्हती. गाडी चालवायला दुसरं होतंच कोण. दार सरकलं, तीन ‘खट’ एका सुरात झाले. तिनं हँडल ओढलं. टक. बाहेर टायरांची चळत होती आणि त्यापलीकडे गॅरेजचं फाटक, सताड उघडं. तिनं पुन्हा ओढलं. समोरच्या आरशात मिस्त्रीचे डोळे दिसत होते. म्हणजे तिला आई दिसायची तेव्हा आईलाही ती दिसत होती.

“उघडतंय?” आरशातून मिस्त्रीनं विचारलं.

“नाही.”

“झकास.” मग त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं. त्यानं घाईनं बटण दाबलं.

“एक काम आणखी,” धाकटी उतरता उतरता म्हणाली. “रेडिओ काढून टाका.”

“चांगला चालतोय की.”

“म्हणूनच. मागचं ऐकू यायला हवं मला. कुणी दार ओढलं तर गाडी बाजूला घेईन. दार उघडून बसू थोडा वेळ सगळे. पोचायला उशीर झाला तर झाला.”

मिस्त्रीनं रेडिओ काढला. तिथं उरलेल्या चौकोनी भोकाला त्यानं आपल्या मनानं एक पत्रा बसवून दिला.

धाकटी तळ्याच्या रस्त्यानं घरी आली. गाडीत इंजिनाचा आवाज तेवढा होता, आणि खिळखिळ्या सीटांचा. घरासमोर तिनं गाडी थांबवली, बटण दाबलं, खाली उतरली आणि वळसा घालून मधलं दार सरकवलं. ते अगदी हलकं सरकलं.

आईला उतरायला वेळ लागायचा. आधी एक पाय, मग शाल सावरणं, मग दुसरा पाय. तेवढा वेळ धाकटी दार धरून उभी राहिली. मग तिनं ते हळूच ओढून घेतलं.