जादा पाय

कचेरीत निविदा तपासायला आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आलं होतं. चहा पीत नाही, रजा मागत नाही आणि कुणाचा मेहुणा नाही, एवढ्या गुणांवर त्याची नेमणूक झाली. शाळेच्या बाकांच्या निविदांतून त्यानं पहिल्याच फटक्यात दोन बाजूला काढल्या: एक म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींची, दुसरी त्यांच्या मुलाची.

खरेदी विभागातल्या बाईंनी मिस्त्रींना बोलावून दाखवलं. दोन्हींत एक वाक्य जसंच्या तसं होतं, बाकी कुणाच्याच निविदेत नव्हतं. ‘दर दहा बाकांमागे एक पाय जादा देऊ, मुलं नाचतात.’ यंत्राच्या मते ही मिलीभगत होती.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. वाक्य त्यांचंच. सहा वर्षांपूर्वी, बायकोच्या आजारपणात, बापलेकांनी एकमेकांना नको नको ते ऐकवलं आणि पोरगा वेगळा झाला. जाताना घरातला एक खिळाही नेला नाही, असं मिस्त्री ज्याला त्याला सांगत. हे नेलं होतं, ते आज कळलं.

बाईंनी नियम सांगितला. ‘एकमेकांशी काहीही संबंध नाही’ असं दोघांनी लिहून दिलं तर निविदा राहतील. एक जरी अडला तर दोन्ही बाद. फॉर्मवर दोनच चौकटी होत्या, आहे आणि नाही. मुलगा आहे पण बोलत नाही, अशी तिसरी नाही का, असं मिस्त्रींनी विचारलं. पुढच्या सुधारणेत सुचवते, असं बाई गंभीरपणे म्हणाल्या.

मग मिस्त्री अडून बसले. खोटं लिहिणार नाही म्हणाले. माझी निविदा फाडा, पोराची ठेवा, त्याचं दुकान नवं आहे, हे काम गेलं तर शटर ओढावं लागेल. तशी सोय नव्हती.

“त्यानं दिलंय लिहून?”

बाईंनी कागद पुढे सरकवला. ‘नाही’वर खूण, खाली सही.

“काल आले होते, काका. तासभर पेन धरून बसले होते.”

मिस्त्रींना तासभर लागला नाही. खूण केली, सही केली. यंत्रानं लगेच दोन्ही निविदा पात्र ठरवल्या.

दारापर्यंत जाऊन ते मागे वळले.

“बारीक झालाय का हो?”

“कोण?” बाईंनी विचारलं. विचारणं नोकरीचा भाग होता.

“कोणी नाही,” मिस्त्री म्हणाले.