पायपेटीला लागलेली हळद

कुरुंद्याच्या मारुतीच्या देवळातल्या पायपेटीला मोटर बसली, ती नामाजीच्या गुडघ्यांपायी. चाळीस वर्षं सप्ताहात कीर्तनाला साथ करताना पायांनी भाता मारून मारून वाट्या झिजल्या होत्या. या चैत्रातही काल्याच्या कीर्तनाला आपणच पेटीवर बसायचं, एवढीच त्यांची हाव उरली होती. शरीरानं केव्हाच हात टेकले होते.

वायरमन रत्नपालनं ब्लोअर आणला. त्याची घरघर कीर्तनात नको म्हणून तो भिंतीपलीकडं ठेवला आणि नळी आत काढून भात्याला जोडली. सहा दिवस नामाजी पाय पसरून वाजवत होते. पेटी अशी भरून गायची, की महाराजही निरूपणात क्षणभर थांबायचे.

सातव्या दिवशी दुपारी मधला सा बसला. मागोमाग ग, मग प. झाकण काढलं तर आतल्या पितळी रीडांवर पिवळा थर. देवळामागं शिवशंकरचा हळकुंडं पॉलिश करायचा ड्रम सकाळपासून धूळ उडवत फिरत होता.

"मामा, आवाजाचं बघितलं, हवा कुठली येते ते न्हाई बघितलं," रत्नपाल ओशाळला.

"पेटीला हळद लागली," नामाजीची बायको चांगुणाबाई हसली. "आता लगीन लावून टाका."

शिवशंकरनं हात जोडले, ड्रम बंद केला. पण नळीच हळदीनं भरली होती. मोटर लावली की नवा लोट आत. नळी वसमतहून यायची, अन् काला उद्या सकाळी.

दिवस मावळेतो दोघं नवराबायको दाढीच्या ब्रशानं एकेक रीड झाडत बसली.

"फुंकू नको, वाफेनं पितळ कळकंल," नामाजी म्हणाले. मग ब्रश खाली ठेवला. "जाऊ दे. महाराजांना सांगतो, दुसरा पेटीवाला बघा."

"काहून?"

"मोटर न्हाई. पाय न्हाईत मला."

"मला हायेत की. तीस वर्षं शिलाई मशीन काय तुमी चालवली?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक महाराजांकडं बघतील. माझ्या पायांकडं बघंल त्याला टाळ हाणते."

सकाळी एकाच बाकावर दोघं टेकली; बोटं त्यांची, पाय तिचे. पहिल्याच गजरात तिनं भाता असा पळवला की स्वर किंचाळले.

"हळू," ते पुटपुटले. "टीप न्हाई घालायची. महाराज श्वास घेतील तेवढंच."

मग सा नीट लागला. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या सांगू लागले, कुणाची भाकर, कुणाचं लोणचं, सगळं एका घोंगडीवर. नामाजीचे डोळे भरले, बोटं चालत राहिली.

हंडी फुटली, देऊळ रिकामं झालं. दोघंही बाकावरून उठेनात. चांगुणाबाई वाकून घोटे चोळत होती.

"पुढच्या साली?" त्यांनी विचारलं.

"आधी नळी आणा," ती म्हणाली. "अन् मला उठवा आता."

"मला कोण उठवंल?"

ती हसली, आणि दोघं आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.