चिंध्यांच्या खोलीतले आजोबा

घरात म्हातारं माणूस खोकू लागलं, की आपण काय म्हणतो? "वय झालं आता." एका शिंप्याच्या घरीही तेच म्हटलं गेलं. एके काळी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवलेले आजोबा, सत्तरी ओलांडल्यावर सकाळी उठले की शिंकू लागत. एकामागून एक वीस-वीस शिंका, मग छातीत शिट्टी. नात चिमणी त्यांच्या मांडीवर बसून शिंका मोजायची आणि दोघंही हसायची.

सुनेला भीती वाटली. पोरीला लागण झाली तर? तिने आजोबांची खाट मागच्या खोलीत हलवली. तिथे त्यांचं शिलाई मशीन होतं आणि चाळीस वर्षांच्या चिंध्यांची गाठोडी छतापर्यंत रचलेली. आजोबा कुरकुरले नाहीत. "चला, माझी दौलत माझ्या उशाशी आली," एवढंच म्हणाले. चिमणीला मात्र उंबरा ओलांडायची बंदी झाली. दारातूनच बोलायचं, असं आईने तिला पढवलं. पहिले काही दिवस ती रडली, मग रडेनाशी झाली.

आठ महिन्यांत खोकला वाढतच गेला. एका दुपारी आजोबांना श्वास पुरेना, तेव्हा सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. जीव थाऱ्यावर आल्यावर पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ॲलर्जीची चाचणी सांगितली.

"या वयात कसली ॲलर्जी?" सून चाचणी करणाऱ्या बाईंना म्हणाली. "सत्तर वर्षं काही झालं नाही, ते आता होणार?"

बाईंनी आजोबांच्या हातावर धूळ, परागकण अशा गोष्टींच्या अर्कांचे थेंब ठेवून हलकेच टोचलं. पंधरा मिनिटांनी एका थेंबाखाली मसुराएवढी गांधी उठली. म्हाताऱ्या कातडीवर ती लहानच उठते, म्हणून दुर्लक्ष करायचं नसतं, असं बाईंनी समजावलं.

"जुन्या कापडांत, गाद्यांत बारीक किडे वाढतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांचा त्रास आहे हा. साठीनंतरही नव्याने जडतो. हे झोपतात कुठे?"

सुनेने खोलीचं वर्णन केलं. छतापर्यंतच्या गाठोड्यांचंही सांगितलं.

"आणि माझ्या मुलीला लागण होईल म्हणून मी यांच्या मांडीवर बसू देत नाही..."

"अहो, हे कुणाला लागत नाही. मांडीवर बसली असती तरी काही झालं नसतं."

आजोबा सदऱ्याची बाही खाली ओढत म्हणाले, "असू दे गं पोरी. तुला तरी कुठे माहीत होतं." ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी गाठोडी गेली, गादी-उशा बदलल्या, खाट पुढच्या खोलीत आली. औषधांनी काही आठवड्यांत शिट्टी थांबली. एका सकाळी आजोबांनी मांडी थोपटून चिमणीला हाक मारली. ती आली आणि तीन हातांवर थांबली.

"जा ना बाळा," आई म्हणाली.

"नको आई, मी इथेच बसते. मला सवय झालीय."

आजोबांनी हात हळूच मागे घेतला. सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मंडळी, म्हाताऱ्या माणसाचं दुखणं वयाच्या नावावर ढकलण्याआधी, आणि त्याला घरातून बाजूला सारण्याआधी, एकदा तपासून घ्या. गाठोडी एका संध्याकाळी निघाली. पोरीच्या मनात घातलेलं ते तीन हातांचं अंतर आजोबांच्या हयातीत निघेल का, हे सांगणारी चाचणी कुठल्याच दवाखान्यात नाही.