तिसरं बेअरिंग

संयोगितानं तिसऱ्या बेअरिंगचे दोन्ही बोल्ट सोडले, टोपी हलक्या हातानं उचलली आणि खाली वाकून पाहिलं. क्रँकवर ठेवलेला मेणासारखा हिरवा धागा चेपून पार पसरट झाला होता. तिनं त्यावर मापाची कागदी पट्टी धरली. पुन्हा धरली.

"किती?" स्टुलावर बसलेल्या आबांनी विचारलं.

"एक थाऊबी न्हाय."

धागा जितका पसरट, तितकी फट कमी. क्रँक आणि बेअरिंगमध्ये दोन थाऊ, म्हणजे केसाहूनही बारीक, जागा हवी. तेवढ्यातच तेल टिकतं. बाकीची चारही बेअरिंगं दोनावर बसली होती, हे एकच आवळत होतं. इंजिन असंच बंद केलं तर दुधाचा टेम्पो गगनबावड्याच्या चढावर जाम होणार, हे बापलेकींपैकी कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

जोतीराम आबांच्या डोळ्यांत आता नुसतं धुकं उरलं होतं. उचगावची ही इंजिन दुरुस्तीची शेड त्यांनी उभ्या जन्मात कुणाच्या हाती दिली नव्हती. या इंजिनाआधी मात्र ते म्हणाले होते, "हे तुज्या हातनं नीट उतरलं तर शेड तुजी. न्हायतर भाड्यानं मागणारं पावणं शेड बघून गेल्यात, देऊन टाकतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं भांडून घेतलं असतं.

"घासणाऱ्यानं क्रँक तिथं जाड ठेवला असंल," आबा म्हणाले. "शाहूपुरीत ने, एक हात मारून आण."

क्रँक आधीच शेवटच्या मापाला घासलेला होता. आणखी घासला तर त्या मापाचं बेअरिंग मिळायचं नाही, क्रँक थेट भंगारात. तिनं मायक्रोमीटर लावून क्रँक दोन बाजूंनी मोजला.

"क्रँक बरोबर हाय, आबा. चारींसारखाच हाय."

"मग बेअरिंगची पाटी घास वाईच. आमी घासायचो की."

"तुमच्या येळंच्या पाट्या येगळ्या व्हत्या."

"म्हंजे मी गेलोच म्हण की!" आबा हसले, पण हात मांडीवर चुळबुळत राहिले.

घराच्या दारातून हाक आली, "ए पोरी, जेवाय ये! त्या लोखंडाला पोट न्हाय, तुला हाय!"

आक्का. आबांची थोरली बहीण. रविवारचा उपास आणि जोतिबाचा डोंगर तिनं कधी चुकवला नव्हता. कालही ती डोंगरावर जाऊन आली होती. पण भाचीनं पाना हातात धरला त्या दिवसापासून तिनं शेडमध्ये पाऊल ठेवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "काळ्या हाताची सून कोण करून घेतंय?" एवढंच तिचं म्हणणं, आणि ते ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणे.

"आलेच," संयोगिता म्हणाली आणि जागची हलली नाही.

क्रँक बरोबर, टोपीत बसणारी बेअरिंगची पातळ अर्धगोल पाटी नवी. राहिली ती पाटीमागची जागा. ती तर तिनं शनिवारी स्वतः पुसून, वर धुतलेलं फडकं झाकून ठेवली होती. आज सकाळी "तेवढं तरी मला करू दे" म्हणत आबांनी चाचपत चाचपत सगळ्या पाट्या बसवल्या होत्या.

तिनं टोपी उलटी करून अंगठ्यानं पाटी सरकवली. पाटी निघाली. मागं, नेमका मधोमध, बोटाएवढा एक ठिपका होता. तेलात कालवलेला, दाबून चपटा झालेला. तिनं अंगठा उजेडात धरला. गुलाबी.

तिनं मान वर केली. दारात आक्का तांदूळ निवडत होती. कपाळावर कालचा गुलाल, आणि नजर सुपात कमी, शेडकडं जास्त.

"काय घावलं?" आबांनी विचारलं.

"कचरा व्हता."

"कचरा? शनवारी पुसलंतंस की तू!"

"ऱ्हायला असंल माज्याकडनं."

तिनं फडक्याचं कोरं टोक घेतलं, टोपी पुसली, पाटी बसवली, नवा धागा ठेवला, मापाच्या पान्यानं बोल्ट आवळले. पुन्हा सोडले. धागा अरुंद होता. पट्टीवरच्या दोनच्या खुणेला बरोब्बर भिडलेला.

"दोन."

आबांनी हात पुढं केला. तिनं त्यांचं बोट धाग्यावर नेऊन ठेवलं. त्यांना काही कळलं असेल असं नाही, पण बोट त्यांनी लवकर उचललं नाही.

"त्या पावण्यास्नी फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, शेड रिकामी न्हाय."

संयोगिता बाहेर आली. फडक्याचं गुलाबी टोक तिनं आत दुमडून घेतलं होतं. ती आक्कापुढं उकिडवी बसली.

"आक्का, इंजिन सुरू करायच्या आदी गुलाल लागंल. तूच लाव. वरच्या झाकणावर."

"मला काय कळतंय तुज्या इंजिनातलं?" आक्कानं सूप जोरात पाखडलं. मग तिचा हात कमरेच्या चंचीकडं गेला, तिथंच थांबला. आवाज एकदम खाली आला.

"का गं... आत लावल्याला चालत न्हाय व्हय?"

"वरनं लावलं की आत पोचतंय."

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. शेडच्या उंबऱ्याशी चपला काढल्या, देवळाबाहेर काढाव्या तशा, आणि अनवाणी आत गेली.