टेकवायचं नाही

राग आला की हिमानीचे कान तापायचे. राजपुऱ्याच्या कबड्डी संघात आल्यापासून वर्षभर ते तापलेलेच होते.

सकाळी मैदानाला पाणी मारायचं तिने, माती चाळून खडे वेचायचे तिने, चुन्याच्या रेषाही तिनेच आखायच्या. बाकीच्या पोरी मागून यायच्या आणि ओट्यावर बसून सावकाश बुटांच्या लेस बांधायच्या. एकीने झाडायचं नि बाकीच्यांनी नाचायचं, असा हा संघ!

आणि हे सगळं कशापायी? एका चुकीपायी.

हिमानी केळीच्या बागेत वाढलेली. कापलेला घड खांद्यावर घ्यायचा, गाडीपर्यंत न्यायचा आणि पाल्यावर अलगद ठेवायचा. आपटला तर साल काळी पडते आणि व्यापारी नाक मुरडतो. "घड जमिनीले टेकला तं मातीमोल, बेटा," हे तिच्या बापाचं, लोटूआबांचं वाक्य तिच्या अंगात मुरलेलं. पहिल्याच सामन्यात तिने समोरची चढाईवाली कमरेत धरली, खांद्यावर उचलली आणि सवयीने, अगदी अलगद, खाली ठेवली. ठेवली तीही मध्यरेषेच्या जवळ. त्या पोरीने हात लांबवून रेषेला शिवलं. गुण गेला, सामनाही गेला.

"अरे यार, हिने तर तिला पाल्यावर ठेवलं!" कप्तान मृणाल ओरडली. "ए केळीवाली, ये कबड्डी है, मंडी नहीं!"

पोरी हसल्या. प्रशिक्षक सुधाकर सरही हसले, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

त्या दिवसापासून ती बाहेर. या संघाची एक रीत होती. सामन्याआधी कप्तानाने आपल्या मैदानाची माती खेळणाऱ्या सातजणींच्या कपाळाला लावायची. बाहेरगावी जातानाही डबीत राजपुऱ्याचीच माती जायची. चाळायची हिमानीने, कपाळं मात्र दुसऱ्यांची. तिला तो टिळा हवा होता. दुसरं काही नको होतं.

"सर, मला उतरवा ना एकदा."

"देखते हैं," सर म्हणायचे. त्या 'देखते हैं'वर अख्खा हंगाम निघून गेला.

चूक आपली होती, हे ती कधी नाकारत नव्हती. पण चुकीला शिक्षा असते, जन्मठेप नसते. तिने खताच्या रिकाम्या गोणीत ओली वाळू भरली. रोज संध्याकाळी बांधावर ती गोणी खांद्यावर घेऊन उभी राहायची. लोटूआबा समोर बसून 'कबड्डी कबड्डी' म्हणायचे. त्यांचा दम सुटेपर्यंत गोणी टेकवायची नाही, असा तिचा नेम. म्हाताऱ्याचा दमही दांडगा.

"ठेव आता, बेटा. खांदा उतरीन तुझा."

"नाही ठेवत, आबा. तुम्ही म्हणा."

इच्छापूरला देवीच्या यात्रेत स्पर्धा होती. अंतिम सामन्यात दीपालीचा पाय मुरगळला आणि बाकावर उरली एकटी हिमानी.

"सर, हिला नको ना," मृणाल सगळ्यांदेखत म्हणाली. "फिर से रख देगी."

बाकावर दुसरं कुणी असतं तर सरांनी मृणालचं ऐकलंही असतं. हिमानी उतरली. मृणालने डबी उघडलीसुद्धा नाही. कोरं कपाळ घेऊन हिमानी कोपऱ्यात उभी राहिली आणि दात-ओठ खात वाट बघत राहिली.

शेवटची चढाई. राजपुऱ्याकडे एकाच गुणाची आघाडी. समोरची धिप्पाड पोरगी आत घुसली, मृणाललाच शिवली आणि वळली. मृणाल तोंड वासून बघत राहिली. हिमानीने मागून झेप घेतली, कमरेला मिठी मारली आणि पोरगी उचलून थेट खांद्यावर घेतली.

ती लाथा झाडत होती, ओरबाडत होती. तिचं कोपर लागून हिमानीचा ओठ फाटला.

"रख मत! हिमानी, रख मत!" मृणाल किंचाळत होती.

वर्षभर केळीवाली म्हणणाऱ्या तोंडाला आत्ता नाव आठवलं होय! त्या संतापाने हिमानीची मिठी आणखी आवळली. वरच्या पोरीचा दम सुटला, पंचाची शिट्टी वाजली. मग हिमानीने तिला खाली ठेवलं. अलगदच ठेवलं.

सामना जिंकला. मृणाल डबी घेऊन धावत आली, अंगठा मातीत बुडवलेला. "इधर आ यार, टिळा लावते."

हिमानीने तिचं मनगट धरलं. "ही माती कोणी चाळली?"

"सॉरी ना. सगळे बघतायत."

"मघाशीपण सगळे बघत होते. उद्या तू चाळ. मग लाव."

दुसऱ्या दिवशी हिमानी मुद्दाम उशिरा गेली. मैदान ओलं होतं, रेषा आखलेल्या होत्या, थोड्या वाकड्या. मृणाल चाळणी घेऊन उकिडवी बसली होती आणि तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते. पलीकडे सुधाकर सर गुमान पाण्याचा पाइप गुंडाळत होते. मृणाल उठली आणि तिने अंगठा पुढे केला.

हिमानीने चाळलेल्या मातीत हात घातला. बोटांना खडे लागले.

"परत चाळ," ती म्हणाली.

मृणालने सरांकडे पाहिलं. सर पाइप गुंडाळत राहिले. ती पुन्हा खाली बसली आणि चाळू लागली. हिमानी ओट्यावर जाऊन बसली आणि सावकाश बुटांच्या लेस बांधू लागली. कान अजून तापलेलेच होते.